किती भरलं, मॅडम?

प्रिय गावंडे मॅडम,

'प्रिय' लिहिलं, कारण पत्राची सुरुवात तशी करायची असते. त्याचा फार अर्थ लावू नका.

नर्सिंग शाळेच्या वार्षिकांकासाठी प्राचार्यांनी माझ्याकडे तुमच्यावर चार ओळी मागितल्या होत्या. दिल्या. शिस्त, निष्ठा, समर्पण असे तीन शब्द एकापुढे एक मांडले आणि खाली सही ठोकली. साहेब खूश झाले. इतके खूश झाले, की नवीन मॅडम मिळेपर्यंत पहिल्या वर्षाचा औषधांच्या डोसांचा तास माझ्याच गळ्यात घातला. कॅज्युअल्टीची ड्यूटी सांभाळून! आज सकाळी तो तास मी घेतला. तुमची खोली, तुमचा फळा, तुमचं टेबल. त्या तासात जे झालं ते तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलेय.

मध्येच तोंड घालायची सवय होती तुम्हाला. आता ते जमायचं नाही. 'मेलेलं माणूस बोलत नाही', हा नियम तुमचाच ना?

आठवतो तो नियम? मला आठवतो. त्यापायी मी कितीदा गप्प पडून राहिले असेन, देव जाणे.

माझी पहिली वेळ सांगते. तुमच्या लेखी ती शेकडोंमधली एक असेल. मी देऊळघाटहून खामगावला आले होते, नवा युनिफॉर्म, तेल चापून घातलेल्या वेण्या. तुम्ही विचारलं, लेकराला तापाचं औषध शंभर मिलिग्रॅम द्यायचंय, बाटलीत पाच मिलिलिटरला सव्वाशे आहे, किती पाजशील? आमच्या घरी औषध म्हटलं की फवारणीचं. बाबा वांग्यांवर फवारायचे, पंपात बाटलीच्या झाकणाने मोजून टाकायचे. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक झाकण."

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही शांतपणे प्रॅक्टिकलच्या पलंगाकडे गेलात. त्यावर आमचा दगडू झोपलेला असायचा, रबराचा पुतळा, ज्याच्या दंडात सुया टोचून आम्ही शिकायचो. त्याला उचलून तुम्ही खुर्चीत बसवलंत.

"मारलं नं तू त्या लेकराले," तुम्ही म्हणालात. "दगडू उठला. झोप आता त्याच्या जागेवर."

मी चपला काढल्या आणि झोपले. तुम्ही पायाकडून चादर ओढत आणलीत आणि तोंडावरून घेतलीत. मग एका मुलीला पलंगाच्या पायथ्याशी उभं केलंत आणि तिला म्हणायला लावलंत, "आम्ही पुष्कळ प्रयत्न केले." दुसऱ्या दोघींना रडायला लावलंत. त्या आधी खोटं रडल्या, मग एकीला खरंच रडू आलं. मी चादरीखालून म्हणाले, मॅडम, एकदाच चुकलं. तेव्हा तो नियम कळला, मेलेलं माणूस बोलत नाही. आणि जोडीला दुसरंही वाक्य मिळालं, "एकदाच पुरते."

तास संपेपर्यंत मी तशीच पडून होते. चादरीला निळीचा वास होता. आणि दगडू खुर्चीतून बघतोय असं मला सारखं वाटत होतं.

तुम्ही हे कशासाठी करत होतात, मॅडम? हॉस्टेलमध्ये याच्या अनेक कहाण्या होत्या. कोणी म्हणायचं, तुमच्या पहिल्या नोकरीत कोणाच्या तरी हातून दशांशाचा ठिपका सरकला आणि बाळ गेलं. कोणी म्हणायचं, ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच. मी एकदा धीर करून विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "कारण नको विचारू, उत्तर काढ." उत्तर काढलं मी. कारण अजून कळलं नाही, आणि आता मला त्याची गरजही उरलेली नाही.

एक कबूल करते, मनात नसतानाही. मला हिशेब येतो तो तुमच्यामुळेच. पण चादरीमुळे नाही! चादरीनं मला एवढंच शिकवलं, की बाईंच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं. हिशेब शिकवला तो रविवारी.

वर्गात जी सगळ्यात जास्त वेळा 'मरेल' तिनं रविवारी सकाळी तुमच्या घरी यायचं, ही तुमची पद्धत. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीतलं ते दोन खोल्यांचं घर. तिथे तुम्ही वेगळ्याच असायचात. भाकर, ठेचा, वर दह्याची वाटी, आणि "खाय आधी, रिकाम्या पोटी डोकं चालत नाही." मग तुम्ही माझं झाकणच हातात घेतलंत. म्हणालात, तुझ्या बाबाकडे एकाच औषधाच्या दोन बाटल्या आहेत, एक पातळ, एक जहाल. झाकण तेच. दोन्हीकडून एकेक झाकण टाकलं तर वांग्याचं काय होईल? मी म्हणाले, जहालवाल्यानं झाड जळेल. तुम्ही टाळी वाजवलीत. "मंग? झाकणानं काय सांगतलं तुले? काहीच नाही. आधी बाटली, मंग झाकण."

त्या दिवशी माझ्या डोक्यात जो दिवा लागला तो अजून विझलेला नाही. पाहिजे किती, आहे किती, पाण्यात किती. एसटीत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात सलाइनचे थेंब मोजते. असं शिकवता येत होतं तुम्हाला! मग सोमवारी ती चादर कशाला काढत होतात? रविवारची बाई सोमवारी कुठे जात होती?

आणि रविवारचा तुमचा दुसरा कार्यक्रम. तुमची साखर जुनी. भाकर खाण्याआधी तुम्ही स्वतःचं इन्सुलिन स्वतः भरायचात, आमच्या डोळ्यांसमोर. तोही धडाच. सिरिंज उजेडाकडे धरून विचारायचात, "किती भरलं?" आम्ही म्हणायचो, वीस. मग तुम्ही पदर बाजूला करून पोटात टोचून घ्यायचात. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मला तुमचा तेव्हा फार अभिमान वाटायचा. मूर्खच होते मी.

आता त्या रविवारचं.

दुपारी शेजारच्या काकूंनी तुम्हाला रिक्षात घालून आमच्या कॅज्युअल्टीत आणलं. मी ड्यूटीवर होते. अंग घामानं चिंब, दात घट्ट मिटलेले, ओठाच्या कोपऱ्यातून उलटी. साखर तपासली तर यंत्रानं आकडाच दाखवला नाही, मोजण्याइतकीही उरली नव्हती. डॉक्टरांनी सांगायच्या आत मी डेक्स्ट्रोज फोडलं. पंचवीस टक्क्यांचं, शंभर मिलिलिटर, म्हणजे साखर पंचवीस ग्रॅम. तुम्ही निपचित पडलेल्या आणि माझं डोकं तुमचंच सूत्र घोकत होतं. बरोबर होता हिशेब, मॅडम. तुम्ही तपासायला शुद्धीवर आला नाहीत, एवढंच.

साखर वर आली, तुम्ही आला नाहीत. फार वेळ गेला होता. उलटी छातीत उतरली होती, किडन्या आधीच थकलेल्या. दिवेलागणीच्या सुमारास डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं.

काकूंनी तुमच्या औषधांची पिशवी आणली होती. आम्ही सगळ्यांनाच घरची औषधं आणायला सांगतो. मी ती टेबलावर ओतली. त्यात इन्सुलिनची नवी बाटली होती, सील त्याच सकाळी तोडलेलं. आणि सिरिंजचा तुमचा जुना डबा.

तुम्हीच शिकवलंय, तरी तुम्हालाच सांगते, ऐका. इन्सुलिनची बाटली दोन तऱ्हांची येते. एका मिलिलिटरला चाळीस युनिटवाली आणि शंभरवाली. जशी बाटली तशी सिरिंज, चाळीसला लाल टोपीची, शंभरला केशरी. उभा जन्म तुम्ही चाळीसवाली घेतलीत. त्या आठवड्यात नेहमीच्या दुकानात ती मिळाली नाही, काकूंच्या मुलानं दुसऱ्या दुकानातून आणली ती शंभरवाली. सिरिंज नवी मागवायची तुम्हाला गरज वाटली नाही. घरी डबाभर होत्या, लाल टोपीच्या. तुम्ही लाल सिरिंज घेतलीत, नेहमीच्या रेघेपर्यंत भरलीत, आणि वीस युनिटांच्या जागी पन्नास टोचून घेतलेत.

आधी बाटली, मग झाकण. कोण म्हणालं होतं हे?

त्या टेबलापाशी मला काय वाटलं ते सांगू? दुःख नंतर आलं. पहिल्यांदा मला वाटलं, सापडलात. इतक्या वर्षांनी एकदा तुमचं उत्तर चुकलं आणि ते तपासायला नेमकी मीच होते. मग मी तुमच्या पलंगाकडे आले. आयाबाईनं चादर आणली होती, ती मी तिच्या हातातून घेतली. पायाकडून ओढत आणली आणि तोंडावरून घेतली. अगदी तुमच्या पद्धतीनं. काकू मागे विचारत होत्या, काही करता नसतं आलं का? मी म्हणाले, आम्ही पुष्कळ प्रयत्न केले.

ते वाक्य माझ्या तोंडातून आपोआप आलं. तुम्ही ते आमच्याकडून पुरेसं घोटून घेतलं होतं.

तुम्हाला वाटत असेल, सूड उगवला, झालं, आता तरी ही बया गप्प बसेल. नाही बसत. कारण खरी गोष्ट यापुढेच आहे, आणि ती तुम्हाला माहीत नाही.

त्या सकाळी तुमच्याकडे ज्योती येऊन गेली होती. पहिल्या वर्षाची, जळगाव जामोदकडची, बारीकशी, बोलताना ओढणीचं टोक चावणारी. या वर्षी सगळ्यात जास्त 'मेलेली' तीच, म्हणून रविवारची पाळी तिची. तुम्ही गेल्यावर ती जेवेना, हॉस्टेलच्या मावशींनी तिला माझ्याकडे पाठवलं. ड्यूटी रूममध्ये तिला चहा दिला. तिनं कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"मले माहीत होतं, सिस्टर," ती म्हणाली.

मी विचारलं, काय माहीत होतं?

"बाटलीवर शंभर लिहेल होतं. मी मनातल्या मनात केलं. पन्नास आलं."

"मंग बोलली काऊन नाही वं?" मीही तिच्याच भाषेवर उतरले.

"मॅडमनं सिरिंज वर धरून इचारलं, किती भरलं. मी म्हटलं, वीस." तिचा आवाज अगदी सरळ होता. "पन्नास म्हटलं असतं अन् माह्यंच चुकलं असतं, तं त्यायनं मले तिथंच झोपवलं असतं ना. मॅडम कशा चुकतीन? मले वाटलं, माह्यंच चुकून राह्यलं."

मग तिनं सांगितलं, तुम्ही तिला शाब्बास म्हणालात. वर्षभरात पहिल्यांदा.

ऐकताय ना? नीट ऐका. त्या पोरीला गणित येत होतं! तुमच्याच शिकवणीनं आलं होतं. तुमचा जीव वाचवणारं उत्तर तिच्या जिभेवर होतं, आणि तुम्ही स्वतः तिला विचारलंही होतं, किती भरलं. तिनं तुम्हाला हवं होतं ते उत्तर दिलं. तुम्ही शाब्बास म्हणालात आणि सुई आत सारली. रेघसुद्धा हलली नसेल चेहऱ्यावरची.

किती बॅचेसना तुम्ही हेच शिकवलंत, मॅडम? बरोबर काय ते शोधू नका, बाईंना काय पाहिजे ते ओळखा. आम्ही सगळ्या त्यात पास झालो. वॉर्डावॉर्डात पसरल्या आहेत तुमच्या मुली, डॉक्टरांच्या चुकीच्या चिठ्ठीसमोर माना खाली घालून 'हो सर' म्हणणाऱ्या. करावे तसे भरावे म्हणतात. पण लोक म्हणतात ते उगाच, दुसऱ्यांसाठी. तुमच्या बाबतीत ते शब्दशः घडलं.

मी ज्योतीला 'तुझी काही चूक नाही' असं म्हणाले नाही. थोडी आहे. ती जन्मभर तिच्याजवळ राहील, आणि चांगली नर्स व्हायची असेल तर राहावी. एवढंच म्हणाले, की चहा पी.

मग तुमचा भाचा उगवला. तुम्ही ज्याला नेहमी 'माहा लेकच तो' म्हणायचात तो. वर्षातून एकदा दिवाळीला यायचा, आता मात्र रोज येऊ लागला. डॉक्टरांनी कागदावर साखर उतरल्याचं लिहिलं होतं, कशानं उतरली ते लिहिलं नव्हतं. त्यानं घरी कोण होतं याची चौकशी केली आणि त्याला ज्योती सापडली. मग काय! शिकाऊ पोरीनं इंजेक्शन दिलं, तिनंच जास्त भरलं, तिला शाळेतून काढा. शोकसभेत प्राचार्य माइकवर म्हणाले होते, गावंडे मॅडमच्या हातून आयुष्यात आकडा चुकला नाही. मग चुकलं कोणाचं? आयतीच मिळाली पोर. कमजोर मुलगी, वर्गात सतत चुकणारी, साऱ्या शाळेनं तिला चादरीखाली पाहिलेलं. तुम्हीच तिची साक्ष आधी बिघडवून ठेवली होतीत.

तिच्या वडिलांना बोलावलं. टोपी हातात घेऊन बिचारे प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे होते. पोरीची पेटी बांधून झालेलीच होती. आणि ज्योती? तिला विचारलं, तू भरलं का, तर ती म्हणाली, हो. साहेबांना काय पाहिजे ते तिनं ओळखलं होतं ना.

तेव्हा मी केबिनमध्ये गेले आणि पिशवीतली बाटली आणि लाल टोपीची सिरिंज टेबलावर ठेवली. म्हणाले, मॅडमनी दुसऱ्याच्या हातून इंजेक्शन कधी घेतलं ते एक माणूस पुढे येऊन सांगू दे. निम्मी शाळा त्यांच्या घरी रविवारी बसलेली आहे, त्यात मी आहे. भरणाऱ्याही त्याच आणि टोचणाऱ्याही त्याच. बाटली बदलली, सिरिंज बदलली नाही.

प्राचार्यांनी शिपायाला दार लावायला सांगितलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे मॅडमची चूक झाली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो."

तुमचा भाचा उसळला. "माह्या मावशीनं उभ्या जल्मात आकडा चुकवला नाही."

"एकदा चुकवला," मी म्हणाले. "एकदाच पुरते."

माझ्या तोंडात तुमचं वाक्य किती चपखल बसतं, ते पाहायला हवं होतं तुम्ही. तो खुर्चीवर बसून रडला, आणि मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेत इतकं नाही. प्राचार्यांना एकच काळजी, हे बाहेर जायला नको, शाळेचं नाव आहे. मी म्हणाले, पोरगी शाळेत राहिली तर मी माझं तोंड कुठे उघडायचं ते बघेन. तिच्या वडिलांनी पेटी पुन्हा हॉस्टेलवर पोचवली आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. नक्की काय झालं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तिचं ते 'वीस' मी केबिनमध्ये सांगितलं नाही. ते तिच्या माझ्यात आहे, आणि आता तुमच्यात.

आता आजचा तास.

खडू घ्यायला कपाट उघडलं आणि वरच्या फळीवर तुमची चादर दिसली. धुतलेली, नीळ दिलेली, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केलेली. कपाटाचं दार उघडताच मागे वर्ग चिडीचूप झाला, ते मला वळून न बघताही कळलं. मी चादरीला हात लावला नाही. फळ्यावर लिहिलं: रुग्णाला इन्सुलिन वीस युनिट पाहिजे. बाटली शंभरची. सिरिंज चाळीसची, वीसच्या रेघेपर्यंत भरली. किती गेलं?

 शेवटी पहिल्या बाकावरची एक गुबगुबीत मुलगी अर्धवट उठून म्हणाली, वीस.

मी म्हणाले, चूक.

एवढंच म्हणाले मी, मॅडम. आवाज चढवला नाही, पलंगाकडे बघितलंसुद्धा नाही. ती पोर बाकावरून उठली, चालत गेली, दगडूला काखेत धरून उचललं आणि खुर्चीत बसवलं. मग खाली वाकून चपला काढायला लागली.

 तुम्ही जाऊन महिना होत आला, तरी तुमचा धडा चालूच होता! मला क्षणभर वाटलं, तुम्ही मेलातच नाही. मग मी तिला म्हणाले, चपला घाल, बाळा, आणि जागेवर बस. तिला ते दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा तिला वाटलं, हीही एखादी परीक्षाच आहे.

आणि तेव्हा मागून आवाज आला, "पन्नास."

ज्योती उभी होती. ओढणी तोंडात नव्हती. मी म्हणाले, कसं? ती म्हणाली, सिरिंजमध्ये चाळीस रेघा म्हणजे एक मिलिलिटर, वीस म्हणजे अर्धा. बाटलीत एकाला शंभर, तर अर्ध्यात पन्नास. मी मुद्दाम कपाळाला आठी घातली, अगदी तुमच्यासारखी, आणि विचारलं, नक्की? माझ्या मते वीसच.  वर्ग तिच्याकडे बघत होता. ओठ पांढरे पडले होते तिचे.

"नाही, सिस्टर," ती म्हणाली. "तुमचं चुकून राह्यलं. पन्नासच आहे."

मी तिला शाब्बास म्हणाले नाही. त्या शब्दाची तिला आता भीती वाटत असणार. मी फक्त फळ्यावर पन्नास लिहिलं. मग एका मुलीनं विचारलं, त्या पेशंटचं पुढे काय झालं? मी म्हणाले, गेली. आणि 'रुग्ण' हा शब्द पुसून त्या जागी तुमचं पूर्ण नाव लिहिलं.

वर्गात कोणी रडलं नाही, मॅडम. सगळ्यांनी वह्या उघडल्या आणि उतरवून घेतलं.

केलं ते क्रूर आहे, मला ठाऊक आहे. प्राचार्यांच्या कानावर गेलं तर ते मला केबिनमध्ये जाब विचारतील. तुमची आठवण येत नाही असंही नाही. रविवारी सकाळी भाकर भाजल्याचा वास आला की मला तुमचं ते घर आठवतं. त्या बाईसाठी मी रडलेय. पण त्या बाईनं सोमवारच्या बाईला कधी अडवलं नाही, म्हणून तिलाही माझी माफी नाही.

आता मला वचन द्यायचंय, कारण तुम्ही कधी कोणाला दिलं नाहीत. हा तास माझ्याकडे असेपर्यंत दरवर्षी पहिलं गणित तुमचंच असेल, नावासकट. तुमच्या नावाचा रस्ता होणार नाही, पुतळा होणार नाही, पण खामगावातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नर्सला तुमची चूक तोंडपाठ असेल. रोज एक आकडा मी फळ्यावर जाणूनबुजून चुकीचा लिहीन, आणि जी मला टोकणार नाही तिला वर्गातून सोडणार नाही. तुमच्या चादरीच्या उद्या झोळ्या फाडायच्या आहेत, मोडलेला हात गळ्यात बांधायला शिकवण्यासाठी. ज्योतीच फाडणार आहे. मोजून.

एक दिवस मीही म्हातारी होईन. डोळे अधू होतील, बाटली बदलेल, माझ्या लक्षात येणार नाही. मीही सिरिंज उजेडाकडे धरून विचारीन, किती भरलं? तेव्हा शेजारी उभी असलेली पोरगी माझ्या हातावर फटका मारून सांगेल, थांबा, पन्नास आहे. आणि मी जगेन.

तुम्हाला कोणी सांगितलं नाही, मॅडम. तशी सोय तुम्हीच करून ठेवली होती.

तुमच्याच चादरीखालून उठलेली,
संगीता
देऊळघाटची, झाकणवाली